बादगीर

मुहर्रकच्या त्या गल्लीत दुपारी दीडला
सावली एकाच भिंतीची, हातभर रुंद.
तिच्यात तीन सायकली, एक मांजर
आणि टेपचं दुसरं टोक धरून मी.

घर क्रमांक अकरा. सरकारी यादीत : रिकामं.
आत चौदा गाद्या.
मोजणीच्या वहीत मी दोन्ही लिहिलं,
साहेबांनी पहिलं ठेवलं.

भिंत समुद्रातली आहे.
म्हणजे खरोखरच. ओहोटीला उथळ पाण्यातून
उचकटून काढलेले प्रवाळाचे चपटे पाट,
वर खारफुटीचे वासे, काथ्याने आवळलेले,
खिळा नाही कुठे.
शरफुद्दीन परकार बोटाच्या पेराने
भिंत वाजवून बघतो, कलिंगड बघावं तशी.
हर्णैचा माणूस. बावीस वर्षं इथे सिमेंट थापलं.
"आता तेच खरवडायचा पगार मिळतोय, बाय,
नि थापण्यापेक्षा खरवडायचा दर जास्त."

सिमेंटखाली ओल अडकली होती,
तिच्यासोबत मीठ.
पापुद्रे हातात येत होते, जिभेला लावले तर खारट.
(लावून बघितलं मी. अहवालात ते नाही.)

वरच्या खोलीत यादगिरी, निजामाबादचा.
रात्रपाळीचा, म्हणून दिवसा झोपलेला.
मी चपला हातात घेऊन
उत्तरेची भिंत मोजायला गेले
आणि मानेवरचा घाम एकदम थंड झाला.
एसी गेल्या जूनपासून बंद,
पाडायच्या घरात कोण दुरुस्त करतो.
मग हे काय?

दोन पाटांच्या मधली चीर. बादगीर.
बांधणाऱ्यांनी ठेवलेली,
पुढे एसी आला तेव्हा कुणीतरी बुजवलेली,
आणि यादगिरीने
जेवणाच्या चमच्याने, रोज थोडी थोडी,
पुन्हा मोकळी केलेली.
चिरेखाली ओलं पोतं टांगलेलं, बासमतीचं,
अर्धी अक्षरं अजून शाबूत.

तो जागाच होता.
"मॅडम, लिखना मत. फाइन लगेगा."

शाश्वत पुनर्विकासाचा आराखडा एकशे सहा पानांचा.
पान एकेचाळीसवर निळे बाण आहेत :
वारा इथून शिरेल, असा उतरेल,
तापमान चार अंशांनी कमी.
अंगणात कॉफीचं दुकान, वर पाहुण्यांच्या चार खोल्या.
बाण अगदी बरोबर आहेत.
यादगिरीच्या उशीवरूनच जातात.

गुरुवारी उम्म जासिम आल्या, मालकीणबाई,
रिफाच्या नव्या बंगल्यातून, गुडघे धरत.
जिन्याला सतरा पायऱ्या, त्यांनी मला न विचारता सांगितलं.
चिरेपुढे तळहात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.
इथे झोपायला आम्ही भावंडं मारामारी करायचो, म्हणाल्या.
हे कुणी उघडलं?

मी वहीत बघितलं.
यादगिरीने पोत्याकडे.
परकार खालून ओरडला, त्याच्या मोडक्या अरबीत,
वारा, बाई, वाराच. दुसरं कोण?

त्या हसल्या नाहीत. गाद्या मोजल्या.
मग साहेबांना फोन लावून एवढंच म्हणाल्या
की रिकामं घर मीठ धरतं,
हे त्यांच्या आईला ठाऊक होतं, तुम्हाला कसं नाही,
आणि वरचा मजला भाड्याचाच राहील.
चौदा नाही. आठ. भाडं तेच.
साहेब म्हणाले, बघू.
उरलेले सहा कुठे, ते कुणीच म्हणालं नाही,
मीही नाही.

आज नकाशा पक्का करायचा दिवस.
खाली परकार चुना कालवतोय, तीन आठवडे भिजलेला,
त्याचा वास जिन्याने वर येतो.
खोली क्रमांक सात. लांबी, रुंदी, चिरेची उंची.
'वापर' या रकान्यात
मी शाईने लिहिते :
झोप. दिवसाची.